वहिनीचे गाल

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

पत्राबरोबर फोटो पाठवतेय. आधी फोटो बघ, मग पुढचं वाच.

बघितलास? आता सांग, खुर्चीमागे उभी असलेली ती गोलमटोल बाई कोण? मी! पार्लरमध्ये नवी खुर्ची घेतली, पायाने दाबली की वरखाली होणारी. तिच्या कौतुकाचा फोटो काढायचा होता. पण खुर्ची राहिली बाजूला आणि आल्यागेल्या सगळ्या माझेच गाल बघतायत. एक गिऱ्हाईक तर म्हणाली, "काय लावता हो चेहऱ्याला? आम्हालाही सांगा की." मी म्हटलं, काही नाही, पोटभर जेवते.

ठमे, तुला म्हणून सांगते. माझं काम आरशासमोर. दिवसभर दुसऱ्यांचे केस बघायचे म्हटलं तरी त्यांच्या मागे आपला चेहरा असतोच. तुझा दादा गेल्यापासून रोज पार्लर उघडलं की मी आधी स्वतःचे गाल बघते. आत गेलेत का? कानशिलं खोल दिसतायत का? शेवटी शेवटी त्याचा चेहरा कसा झाला होता ते आपण दोघींनी बघितलंय. मी गोळ्या कधी चुकवत नाही. डॉक्टरीणबाई दरवेळी सांगतात की विषाणू रक्तात सापडतसुद्धा नाही, तुम्ही म्हाताऱ्या होऊनच जाल. तरी माझा विश्वास रिपोर्टवर नाही, गालांवर. आणि आता गाल असे आलेत की मी स्वतःलाच दोनदा वळून बघते!

खांदाही सुटला. ड्रायर धरून धरून तो असा धरला होता की हात डोक्यावर जाईना. जगाचे केस विंचरायचे आणि स्वतःचे विंचरायला आईंना सांगायचं, अशी गत झाली होती. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांध्यात इंजेक्शन दिलं, काही आठवड्यांनी आणखी एक. जादू झाल्यासारखा हात वर गेला. त्यांनी विचारलं होतं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हटलं, "ताकदीच्या गोळ्या." दुसरं काय सांगणार? त्यांच्या बायकोच्या केसांना मीच रंग लावते. तिच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं.

आई खूश आहेत. "सुनेला अखेर खाल्लेलं अंगी लागलं," म्हणून शेजारी सांगत फिरतात.

उत्तर नेहमीप्रमाणे पार्लरच्या पत्त्यावर. फोनवर हे बोलता येत नाही. आपल्या दोन खोल्यांत आईंना सगळं ऐकू जातं, आणि ऐकू नाही गेलं तर त्या विचारतात.

तुझी,
वहिनी


१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोटो बघून मी आधी खूप हसले आणि मग दार लावून रडले. आनंदाने गं.

गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा तुझी मनगटं माझ्या दोन बोटांत मावत होती. तू स्टेशनवर माझी बॅग उचलायला लागलीस आणि मला वाटलं, आता ही बॅगच हिला उचलेल. तुझ्यासमोर तब्येतीचा विषय काढला की तू लगेच चहा टाकायला उठतेस.

आणि आता हे गाल! मी लहानपणी गोल होते म्हणून दादाने मला ठमी नाव ठेवलं. ते नाव चाळिशी उलटली तरी मानगुटीवर बसलंय. आजपासून ते तुला बहाल. ठमावहिनी!

फोटो इथे ऑफिसात कपाटाच्या काचेत लावलाय. वसतिगृहाच्या मुली विचारतात, "रेक्टरबाई, ही तुमची धाकटी बहीण का?" मी हो म्हणते. वहिनी म्हटलं की मुली भाऊ कुठे ते विचारतात.

एक सांग, तुझ्या दंडावर ते निळं काय दिसतंय? कुठे धडपडलीस? नव्या खुर्चीवर स्वतःच चढून वरखाली होत होतीस ना? खरं सांग.

जेवत राहा. अशीच राहा.

तुझी,
(माजी) ठमी


२ एप्रिल

प्रिय ठमे,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसते आणि हात पेनावरच राहतो.

दंडावरचे डाग ट्रॉलीच्या कोपऱ्याचे. हल्ली नुसतं लागलं तरी अंग निळं पडतं. पण ते सोड.

नाव परत घे ठमे. गाल गेले. पाहुणे यावेत आणि न सांगता निघून जावेत तसे गेले. महिन्याभरापूर्वी त्यांचं कौतुक करणाऱ्या बायका आता विचारतात, "डाएट करताय का?" अंगात काही राहिलंच नाही. सकाळी उठताना कोणीतरी खांद्यावर पोतं ठेवल्यासारखं वाटतं. खाली वाकून केस झाडले आणि उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. परवा एका नवरीचे केस बांधताना पाय लटपटायला लागले. "जरा आकडा पडला" म्हणून खाली बसले आणि तिथेच फरशीवर डोकं टेकून श्वास घेतला. नवरी बिचारी आरशात बघत विचारतेय, "सापडला का?" अन्नावरची वासनाच उडालीय. घास घेतला की मळमळतं.

मला माहितीये हे काय आहे. तुझ्या दादाचंही असंच सुरू झालं होतं. आधी थकवा, मग जेवण बंद. गोळ्या चालेनाशा झाल्या असणार. तपासणीची तारीख उलटून गेली, मी गेलेच नाही. जोपर्यंत रिपोर्ट हातात नाही तोपर्यंत निदान खोटी आशा तरी आहे.

आईंना सांगितलंय की कामाचा ताण आहे. त्या माझ्या ताटात दुप्पट वाढतात आणि मी संपवलं की नाही बघत बसतात. मी त्यांची नजर चुकवून निम्मं डब्यात भरते. या वयात चोरी शिकले बघ.

तुला घाबरवायला लिहिलं नाही. दुसऱ्या कोणाला लिहू?

वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

प्रिय-बिय काही लिहीत नाही. रागावलेय मी.

पत्र मिळाल्याबरोबर उठ. पार्लरला कुलूप लाव. नवरी असो की नवरीची आई, जाऊ दे परत. सरळ डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सगळं सांग. हाडांच्या डॉक्टरांचं सांग, इंजेक्शनांचं सांग, ताकदीच्या गोळ्यांची थापसुद्धा सांग. खोटी आशा म्हणे! माझ्या इथे ताप लपवून सहलीला जाणाऱ्या मुली असतात, त्यांना मी दम देते. तू त्यांच्याहून लहान झालीस का?

दादाचं असं सुरू झालं होतं, मान्य. पण दादाने औषध घेतलं नव्हतं. त्याने तर कळूनही सांगितलं नव्हतं. तू त्याच्यासारखी नाहीस, आणि त्याच्यासारखी जाऊ नकोस. मला आता एकच वहिनी आहे. भाऊ तर नाहीच.

जा गं. पाया पडते.

ठमी


२९ एप्रिल

प्रिय ठमे,

हे पत्र दवाखान्यातल्या कॉटवरून लिहितेय, पण घाबरू नकोस. उद्या घरी सोडणार आहेत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खरंच कुलूप लावलं. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत पोचले, आणि त्यांच्या बाकावरून उठताना खालीच कोसळले. बरी जागा निवडलीत, असं त्या नंतर म्हणाल्या. रक्तदाब तळाला गेला होता. सलाईन लावलं, रक्त घेतलं, आणि मी डोळे मिटून वाट बघत राहिले की आता सांगतील, विषाणू परत आला.

ठमे, नाही आला! अजूनही सापडत नाही. गोळ्या आपलं काम चोख करतायत. जरा जास्तच चोख.

मग त्यांनी मला शांतपणे विचारलं, "गेल्या काही महिन्यांत कुठलं इंजेक्शन घेतलंत?" मी खांद्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुम्हाला या आधी कोणी 'गाल वर आले' असं म्हटलं का?" मी म्हटलं, सगळ्यांनी.

आता त्यांनी समजावलं तसं सांगते. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. ॲड्रिनल म्हणतात. त्या कॉर्टिसॉल बनवतात. ताप येवो, मार लागो, उपास पडो, शरीर तोल धरतं ते त्याच्या जिवावर. सांध्यातलं इंजेक्शन म्हणजे त्याच जातीचं औषध, बाहेरून दिलेलं. एरवी ते थोडं थोडं विरून जातं. पण माझ्या गोळ्यांत एक अशी असते की ती यकृताला मुद्दाम मंद करते, बाकीच्या गोळ्या रक्तात टिकाव्यात म्हणून. त्या गोळीने खांद्यातलं औषधही टिकवलं. ते अंगभर पसरलं आणि साचत गेलं. गाल आले ते जेवणाचे नव्हते, त्या साचलेल्या औषधाचे. निळे डागही त्याचेच. आणि आयतं मिळतंय म्हटल्यावर माझ्या ग्रंथी हातपाय पसरून झोपल्या. पुढे औषध संपलं, पण त्या काही उठल्या नाहीत.

हे खात्रीने कळावं म्हणून सकाळी रक्त घेतलं, मग ग्रंथींना हाक मारणारं एक इंजेक्शन दिलं, आणि पुन्हा रक्त घेतलं. हाकेला कोणी ओ दिली नाही.

मी विचारलं, हे या आजारामुळेच ना? त्या म्हणाल्या, या आजारात या ग्रंथींवर तशीही नजर ठेवावी लागते. कोणाच्या क्षयाने बिघडतात, कोणाच्या दुसऱ्या जंतूंनी, कोणाच्या औषधांच्या आपसातल्या भांडणाने. "तुमचं यातलं शेवटचं कारण आहे. हाडांच्या डॉक्टरांना एका शब्दाने सांगितलं असतंत तर त्यांनी दुसरं काही दिलं असतं." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता रोज कॉर्टिसॉलची गोळी. ग्रंथी जाग्या व्हायला महिने लागतील, कदाचित वर्षही. एचआयव्हीच्या गोळ्याही बदलून देतायत, यकृत मंद करणारी ती गोळी नसलेल्या. गोळी एकही दिवस सोडायची नाही. ताप आला तर दुप्पट. आणि उलट्या व्हायला लागल्या, गोळी पोटात टिकेना, तर लगेच मांडीत त्याच औषधाचं इंजेक्शन आणि तडक दवाखाना. तेव्हा उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं.

इथेच घोडं अडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या वेळी तुम्हाला बोलायचं भान असेलच असं नाही. घरात एका माणसाला सगळं माहीत हवं. इंजेक्शनही, आणि एचआयव्हीचंही, नाहीतर दुसरा डॉक्टर पुन्हा तीच चूक करेल." मी म्हटलं, बघते.

घरात एकच माणूस आहे. आणि तिला मी सांगू शकत नाही.

वहिनी


५ मे

प्रिय वहिनी,

जीव भांड्यात पडला. दोन वेळा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. विषाणू नाही! तुझ्या त्या आळशी ग्रंथींना माझ्याकडे पाठव. सकाळी घंटा वाजवून सगळ्या वसतिगृहाला उठवते, त्यांना नाही का उठवणार?

पण "बघते" चालणार नाही. आईला सांग.

कळतंय मला तुला कसली भीती आहे. पार्लरची. आई शेजारी बोलेल, शेजारीण गिऱ्हाइकांना बोलेल, खुर्च्या रिकाम्या पडतील. पण वहिनी, आई तोंडाची फटकळ असली तरी पोटाची पक्की आहे. आणि कात्री-कंगव्याने कोणाला काही होत नाही, हे डॉक्टरीणबाई तुला किती वर्षं सांगतायत. तुझ्या रक्तात तर आता विषाणू सापडतही नाही.

तुझी जीभ वळत नसेल तर मी आईला पत्र लिहिते. या रविवारी लिहून टाकते. तू नुसती समोर बस.

ठमी


११ मे

ठमे,

लिहू नकोस. पाठवलं असशील तर पोस्टमनला अडव, काहीही कर. लिहू नकोस!

पार्लरचं मला काही वाटत नाही. खुर्च्या रिकाम्या पडल्या तर घरोघरी जाऊन केस कापीन.

तुला ठाऊक नाही, तू लांब असतेस. आई रोज संध्याकाळी खिडकीत बसतात आणि तुझ्या दादाची एखादी गोष्ट सांगतात. शाळेत त्याने मास्तरांची सायकल कशी दुरुस्त केली. पहिल्या पगारात त्यांना चष्मा कसा आणला. मला सगळ्या पाठ आहेत. मी मध्येच एखादी ओळ चुकवते, म्हणजे त्या रागावून दुरुस्त करतात आणि त्यांना बरं वाटतं. प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच: "न्यूमोनियाने नेलं गं माझ्या सोन्याला, काही वाईट केलं नव्हतं त्याने कोणाचं."

आता मी माझं सांगितलं की पुढचा प्रश्न काय येईल? तुला कुठून आला? मग मी काय सांगू?

त्यांना एकच मुलगा होता. त्याने काही वाईट केलं नाही, एवढ्यावर ती बाई उभी आहे. ते काढून घेतलं तर त्या कशावर उभ्या राहतील? ताप काय, येईल नाही येईल. मी जपून राहीन. पावसात भिजणार नाही, बाहेरचं खाणार नाही.

तुझ्या दादावर मी रागावले होते, तुला माहितीये. पण तो शेवटी माझा हात धरून म्हणाला होता, "आईला कळू देऊ नकोस." मी हो म्हटलंय.

वहिनी


१८ मे

प्रिय वहिनी,

पत्र पाठवलं नव्हतं. लिहिलं होतं, ते फाडलं. तुझ्या परवानगीशिवाय लिहिणार नाही, ही शपथ.

मी किती मूर्ख. इतकी वर्षं मला वाटत होतं तू स्वतःला लपवतेस. तू तर त्याला लपवत होतीस.

पण आता माझंही ऐक. तो माझा भाऊ होता. मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. त्याच्यावर माझा जीव होता, अजून आहे. आणि तरीही सांगते, त्याने तुझ्याकडून तो शब्द घ्यायला नको होता. मरणाऱ्या माणसाला हो म्हणावंच लागतं. त्याला त्याची लाज झाकायची होती, आणि त्याने ते पांघरूण तुझ्या अंगावरून ओढून घेतलं. इतकी वर्षं तू उघडी आहेस गं.

तू आईला जपतेस. पण समज, एके दिवशी तू घरात पडलीस, आणि आई दारात नुसती हाका मारत राहिली, तिला ठाऊकच नाही की कपाटात इंजेक्शन आहे. नंतर तिला कळलं. तेव्हा ती कशावर उभी राहील?

याहून जास्त बोलणार नाही. तुला पटेल ते कर. मी तुझ्या बाजूने आहे, तू काहीही केलंस तरी.

ठमी


१४ जून

प्रिय ठमे,

सांगितलं.

तुझं शेवटचं वाक्य मी बरेच दिवस बरोबर घेऊन फिरत होते. सोमवारी पार्लर बंद असतं. आईंना म्हटलं, चला, केस कापून देते, किती वाढलेत. नव्या खुर्चीत बसवलं. त्या वर जाताना घाबरून माझा हात धरून बसल्या. मी मागे, त्या पुढे, दोघींचे चेहरे आरशात. मला वाटलं, समोरासमोर नाही जमणार, आरशातून जमेल.

अर्धे केस झाल्यावर बोलायला लागले. आधी ग्रंथींचं, मग इंजेक्शनचं, मग गोळ्या कशाच्या ते. कात्री चालूच ठेवली. थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं. आई आरशात माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं नाही, कुठून आला. नुसतं म्हणाल्या, "त्याला ठाऊक होतं? तुलाही झालाय ते?"

मी हो म्हटलं.

"रडला का?"

म्हटलं, "हो आई. खूप."

त्यांनी दोन्ही बाजूंचे केस हाताने चाचपले. मग म्हणाल्या, "उरलेले काप. एकीकडे लांब राहिलेत."

ठमे, मी केस कापले, मान झाडली, घरी आणलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वाढतात, ताट उचलतात, पण शब्द नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर भिंतीवरचा तुझ्या दादाचा फोटो काढलेला. खिडकीत बसतात, पण गोष्ट सांगत नाहीत.

तू म्हणालीस म्हणून नाही सांगितलं, मीच सांगितलं, तेव्हा दोष तुला देत नाही. पण मी त्यांना मोडलं बहुतेक.

वहिनी


१९ जून

प्रिय वहिनी,

तू मोडलं नाहीस. तुला मोडता येतच नाही. परीक्षा संपल्या की रजा टाकून येते. तोवर गोळी चुकवू नकोस, आणि आईसमोर बसून जेव. ती बोलली नाही तरी बस.

ठमी


१२ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. सून झोपलीय. तिला उठून लिहायची बंदी मीच घातलीय. तुझी पत्रं पार्लरवर का जायची तेही आता कळलं. आता घरी पाठवत जा, मी फोडून वाचणार नाही. वाचलंच तर सांगेन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ही बाई सगळ्या जगाला सांगत सुटलीय की मी तिच्याशी अबोला धरला. तिच्याशी नव्हता गं धरला. त्याच्याशी धरला होता. फोटो काढून ट्रंकेत ठेवला आणि मनात त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. आई आहे मी, मला हक्क आहे. एकटीने भांडायला वेळ लागतो, समोरचा उत्तर देत नाही ना. त्यात हिच्याशी बोलायचं राहून गेलं. ही आपली समजून बसली की मी मोडले.

त्याच दिवसांत मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हिला न सांगता. म्हटलं, मला ते इंजेक्शन शिकवा. तिथल्या नर्सने खुर्चीच्या फाटक्या स्पंजवर माझ्याकडून टोचून घेतलं. बाटलीतली पावडर पाण्यात कशी विरघळवायची, हवा कशी काढायची, मांडीवर बाहेरच्या बाजूला कुठे. माझा हात कापत होता. ती म्हणाली, "आजी, कापला तरी चालेल, थांबला नाही पाहिजे."

गेल्या गुरुवारी हिला ताप भरला. गोळी दुप्पट घेतली, ती उलटली. परत घेतली, परत उलटली. दुपारपर्यंत ही भिंतीला टेकून बसली होती आणि मी काय विचारते त्याला भलतीच उत्तरं देत होती. मला आई म्हणायच्या ऐवजी ठमे म्हणाली. मी कपाट उघडलं. बाटली फोडली, पावडर मिसळली, आणि तिच्या मांडीत सुई घातली. ती ओरडली. म्हटलं, ओरड, ओरडतेस म्हणजे आहेस.

खालच्या रिक्षावाल्याला हाक मारून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंचा लांबचा दवाखाना नाही, आपला कोपऱ्यावरचा, जवळ म्हणून. बाहेर बाकावर माणसं बसलेली. त्यात दोघी पार्लरमध्ये येणाऱ्या होत्या, मी ओळखलं. ड्यूटीवरच्या सिस्टरने विचारलं, काय झालं, कुठली औषधं चालू आहेत. ही अर्धवट शुद्धीत, तरी माझा पदर ओढून काहीतरी पुटपुटत होती. मला कळलं काय ते. "ताकदीच्या गोळ्या" म्हणत होती. मरता मरता माझ्या मुलाला झाकत होती.

मी सिस्टरला सगळं सांगितलं. ग्रंथी झोपल्यात, इंजेक्शन देऊन आणलंय, सलाईन लावा. आणि एचआयव्ही आहे, त्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा दुसरं काही द्यायच्या आधी विचारा. मोठ्याने सांगितलं, तिला एका कानाने कमी ऐकू येत असावं. सिस्टरने हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसं बघणं मला कळतं. बायका असं बघतात तेव्हा त्यांना काय विचारायचं असतं ते कळतं. बाकावरच्या दोघींनीही मान वळवली.

मी म्हटलं, "तिच्याकडे काय बघता? माझ्या मुलाकडून आलाय तिला. आधी तिला बघा."

सिस्टर धावली. सलाईन लागलं. तासाभरात हिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं माहितीये? "आई, तुम्ही काही बोलला तर नाहीत ना?" म्हटलं, बोलले. सगळं बोलले. तर रडायला लागली, माझ्याच खांद्यावर.

बाकावरच्या त्या दोघींतली एक परवा भुवया करायला आली होती, पार्लर बंद बघून घरी विचारायला आली, जाताना फळं ठेवून गेली. दुसरी दिसली नाही. न दिसो.

ठमे, हिला वाटायचं, 'माझ्या मुलाकडून आलाय' हे माझ्या तोंडून निघालं तर मी तिथेच खाली बसेन. तूही असंच समजत असशील. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. पण बोलून झालं, आणि मी उभीच होते. पाय दुखत होते, ते तर नेहमीच दुखतात.

तुझी,
आई